तळ्याकाठी घेतलेलं नाव

नव्या टायरचा वास आला की मला कर्जतहून खालापूरकडे जाणारी ती जंगलवाट आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि हे मला नव्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून माहेरी नेत होते. माघातली सकाळ, ऐनाच्या झाडांतून झिरपणारं ऊन, चाकाखाली कुरकुरणारी खडी. मला तर झोपच येत होती. चढाला सायकल मंदावली, तशी यांचा भार हलका करावा म्हणून मी हळूच उतरले. सायकल हलकी झाली ती चढ संपला म्हणून, असं यांना वाटलं. माझ्याशी गप्पा मारत हे तळ्याच्या कडेकडेने पुढे निघून गेले. मी "अहो, अहो" करून पाहिलं, पण तो आवाज जवळच्या पाणकोंबड्यांनाही उडवेना. मोळी घेऊन चाललेली एक कातकरीण थांबली. "नावानं हाक मार ना गं," ती म्हणाली, "नाव नाय का त्याला?" उखाण्याशिवाय मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. सायकल वळणाआड जाऊ लागली तेव्हा डोळे मिटून मोठ्याने घेतलं. ते धुक्यातल्या पाण्यावरून गेलं, आणि पलीकडच्या डोंगरानेही सावकाश घेतलं. हे पाय टेकून थांबले. मी धापा टाकत पोचले तर विचारतात, "हाक कुणी मारली गं?" मी म्हटलं, "डोंगरानं." आता रिकाम्या घरात मी ते नाव कितीदा तरी मोठ्याने घेते. पाय टेकून कुणी थांबत नाही.