विजय आपलाच!

माझ्या वडिलांचं नाव थेट लढाईवरून आलं, हे आमच्या काष्टीत सगळ्यांना ठाऊक आहे. नसेल त्याला अण्णा स्वतः थांबवून सांगतात. ते पोटात असतानाच आजोबा इंग्रजांच्या फौजेतून लढाईवर गेले. मुलगा झाल्यावर आजीने मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं, पोराचं नाव काय ठेवू ते कळवा. बऱ्याच दिवसांनी लष्करी कार्ड आलं. वर ठळक छापलेलं, ‘विजय आपलाच!’ खाली आजोबांची वेडीवाकडी सही. बाकी काही नाही. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि आजी म्हणाली, बघा, नाव कळवलंय. थाटात बारसं झालं.

आजोबा परत आले नाहीत. अण्णांनी बाप पाहिलाच नाही. बापाने दिलेलं त्यांच्याकडे एवढं एकच, नाव. पत्ते खेळताना हरले की आम्ही चिडवायचो, "अण्णा, आता नाव बदला!" ते खूश व्हायचे.

गेल्या महिन्यात नगरला जुन्या लष्करी कार्डांचं प्रदर्शन भरलं. ऐंशी ओलांडलेले अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात कार्ड ठेवून माझ्याबरोबर एसटीत बसले. "त्यास्नी आपलं बी दावू," म्हणाले.

भिंतीवर ओळीने कार्डं लावली होती. पहिल्यावर ‘विजय आपलाच!’ दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच, उद्गारचिन्हासकट. खालच्या सह्या तेवढ्या वेगळ्या. अण्णांना दाराकडे वळवावं म्हणून मी त्यांचा हात धरला, पण ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचत होते.

कार्डं जमवणारे गृहस्थ उत्साहाने पुढे आले. "घरच्यांचा धीर सुटू नये म्हणून आधीच छापून ठेवायचे. शिपायाने फक्त सही करायची, जास्त काही लिहिलं तर कार्ड पुढे जात नसे. प्रचाराचा उत्तम नमुना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उत्तम?" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की लोक वळून बघायला लागले. "एका बाईने पोराचं नाव विचारलं होतं हो!" ते बिचारे गोंधळून चहा घ्या म्हणाले. त्यांच्यावर ओरडून काय उपयोग? ज्यांनी कुठल्याशा कचेरीत बसून ही ओळ रचली ते कधीच सुटले. लढाई त्यांची, विजयही त्यांचाच. आमच्या माणसाला दोन शब्द लिहायला जी जागा होती, तीही त्यांनीच खाल्ली. आजीचं पत्र आजोबांना मिळालं होतं का, मुलगा झाल्याचं त्यांना कळलं तरी होतं का, हेही आम्हाला आता कधी कळायचं नाही. मेल्यांचा अजून राग येतो मला.

अण्णांनी खिशातलं कार्ड कुणालाच दाखवलं नाही. परतीच्या एसटीत अर्धी वाट सरली. मग खिडकीबाहेर बघत अण्णा म्हणाले,

"पोरी, बाच्या मनात दुसरंच नाव आसंल, न्हाई? काय आसंल गं?"