गोळी चालू ठेवून केलेली तपासणी

माझे मामा हेच माझे सासरे. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत यात नवल नाही. मामा जवळच्याच पापनाशम गावात डॉक्टर. त्यामुळे बायकोला जे औषध मिळालं ते तिच्या वडिलांच्या हातचं, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं मत घ्यावं हे आमच्या घरात कधी कुणाला सुचलं नाही.

पस्तिशीनंतर तिला उभं राहिलं की अंधारी यायला लागली. ती शाळेत गणित शिकवायची. दोनदा फळ्यासमोर कोसळली. "पेपर तपासायची वेळ आली की टीचर पडतात," हे शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं तिच्या कानांवर आलं. मी घड्याळ लावून आठ दिवस तिची नाडी मोजली. आडवी असताना शहात्तरच्या आसपास. उभं राहून दहा मिनिटं झाली की एकशे वीसच्या पुढे. मामांनी आकडे पाहिले आणि नाडी मंद करणारी गोळी दिली. नाडी नव्वदीवर आली. अंधारी गेली नाही.

मद्रासच्या एका खासगी इस्पितळात तेव्हा परदेशातून नवं यंत्र आलं होतं. माणसाला फळीवर बांधून फळी उभी करतात आणि नाडी, रक्तदाब नोंदतात. आजार खरा आहे हे एकदा कागदावर यावं, एवढीच तिची इच्छा होती. तारीख मिळाली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की नाडीवर परिणाम करणारी औषधं तपासणीआधी काही दिवस थांबवावी लागतात. मात्र स्वतःहून बंद करू नयेत, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारावं, काही हळूहळू कमी करावी लागतात.

पत्र घेऊन मी पापनाशमला गेलो. मामांनी ते चष्मा न लावताच परत दिलं.

"जावईबापू," एरवी ते मला 'अरे' म्हणत, "माझ्या मुलीला काय द्यायचं ते आता मद्रासचं यंत्र सांगणार?"

"तसं नाही मामा. गोळीनं नाडी दबते. मग त्यांना दिसणार काय?"

"असेल तर दिसेल. एक दिवसही गोळी चुकवायची नाही. काही झालं तर जबाबदार कोण, तू?"

गोळी एकदम बंद करणं धोक्याचं, हे मला कळत होतं. पण मामा नाही म्हणतात, आता काय करू, एवढं मद्रासला विचारता आलं असतं. एसटीडीचं बूथ राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. मामांच्या पाठीमागे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी फोन केला नाही.

"अप्पा काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"चालू ठेव म्हणाले."

"आणि तुम्ही?"

मी पुढे काहीच म्हणालो नव्हतो.

तपासणीच्या सकाळीही तिनं गोळी घेतली. गोळी थांबवली होती ना, असं इस्पितळातल्या नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. "अय्यो, मग आलात कशाला, सार?" त्या म्हणाल्या. एवढ्या लांबून आलात तर करून घेऊ, असं डॉक्टरांनी ठरवलं. नाडी चौऱ्याहत्तरवरून ब्याण्णव. अहवालात वर लिहिलं: दोष आढळला नाही. खाली बारीक अक्षरांत: औषध चालू असल्याने निष्कर्ष धरता येत नाही, थांबवून पुन्हा करावी.

मामांनी आजोबांच्या श्राद्धाला, वीसेक माणसांच्या पंक्तीत, वरची ओळ मोठ्यानं वाचली. "मी सांगतच होतो. शरीरात काही नाही. मन घट्ट करायला हवं." खालची ओळ मला पाठ होती. मी पानावरचा भात कालवत राहिलो.

शाळेनं अहवालाची प्रत मागितली. जूनमध्ये तिनं राजीनामा दिला. मद्रासहून दुसऱ्या तारखेचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, या वेळी मी मामांशी नीट बोलतो.

"कशाला? मी सोंग करते हे सगळ्यांना कळलंय आता. तुम्हाला खरं ठाऊक होतं, आकड्यांसकट. आणि तुम्ही जेवत होतात."

ती तारीख तिनं घेतली नाही. आजही उठताना ती आधी भिंत धरते. मी हात पुढे केला तर "राहू द्या" म्हणते.