घट्ट वाजलेला नट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. ज्याच्याबरोबर दर रविवारी बसतो त्या मित्राजवळ नाही. आणि देवासमोर — खरं सांगतो — देवासमोर हात जोडले की मी लगेच मुलाची नोकरी, आईचे गुडघे असं काहीतरी काढतो, तो विषय निघायच्या आत. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर नसतं सांगितलं.

माझं काम सरळ आहे. चाकणला एका वाहतूकदाराचं यार्ड आहे, तिथे गाड्यांची देखभाल बघतो. सहाचाकी मालगाड्या, मधल्या आकाराच्या. या कारखान्यातून सुटे भाग उचलायचे, त्या कारखान्यात टाकायचे. गाडी गेटबाहेर पडण्याआधी ब्रेकची हवा, स्प्रिंगचे पाटे, टायर, दिवे आणि चाकांचे नट बघायचे. रोज तेच. कंटाळवाणं काम आहे, आणि ते कंटाळवाणं राहिलं म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजायचं.

चाकाचा नट सैल राहिला तर काय होतं? लगेच काहीच होत नाही. म्हणूनच तो वाईट. तो शेजारच्या नटाला सैल करतो, तो त्याच्या शेजारच्याला. मग कधीतरी तळेगावच्या रस्त्यावर चाक निसटतं आणि गाडीच्या पुढे धावत सुटतं. आणि त्या रस्त्यावर शिफ्टला निघालेली पोरं असतात — दुचाकीवर, एकामागे एक. एवढं आमच्या यार्डात प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून नट तपासणाऱ्या माणसाला मान होता.

हा मान सोपानभाऊला होता. मला नव्हता.

सोपानभाऊ दिघीचा, मूळचा गावकरी. जमिनी गेल्या, चुलतभावांनी इमारती उठवल्या, हा फिटरच राहिला. अंगाने आडवा, आवाजाने मोठा. छोटी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरायचा आणि प्रत्येक नटावर हलकेच वाजवायचा. घट्ट नट खणखणीत वाजतो. सैल नट बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. यात जादू काही नाही. जुने फिटर सगळे असंच करायचे, आणि चार दिवस केलं तर तुम्हालाही कळेल. मलाही कळायचं. पण मी त्याच्यापेक्षा लहान, लातूरकडून आलेला, आणि मी टॉर्क पाना वापरायचो. ठरलेला जोर भरला की तो पाना ‘कट्’ असा आवाज करतो. त्यावरून सोपानभाऊने माझं नाव ‘मीटर’ ठेवलं होतं.

“काय रे मीटर, तुझा पाना उपाशी हाय का? आज वरडत न्हाई त्यो.”

सगळे हसायचे. मीही हसायचो. तो साधाभोळा वगैरे नव्हता, हे मुद्दाम सांगतोय. तुम्हाला तसा वाटू नये. बढाया मारायचा, दुसऱ्याची तंबाखू मागून खायचा, आणि एकदा एखाद्याची थट्टा सुरू केली की त्याला रडवेपर्यंत सोडायचा नाही. पण वाईट माणूस? नाही. वाईट नव्हता. थट्टा संपली की स्वतःच्या डब्यातली मिरचीची भाजी त्याच माणसाच्या ताटात वाढायचा.

मग मला काय टोचत होतं?

एक सकाळ सांगतो. एका गाडीची सहाही चाकं मी पाना लावून तपासली, एकन् एक नट. शर्ट पाठीला चिकटला होता. गोरख नावाचा ड्रायव्हर केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं — आणि परत खाली उतरला.

“तुमचं झालं ना? मग भाऊंना एकदा वाजवू द्या,” म्हणाला. “त्यांनी वाजवल्याशिवाय माझा पाय दबत नाही, राव.”

मला खिजवायला नाही बोलला तो. खिजवायला बोलला असता तर मी विसरलो असतो. त्याने अगदी सहज सांगितलं, घरून निघताना पाणी पितो तसं. माझं तपासणं हे त्याच्या लेखी तपासणंच नव्हतं.

ते मी मनात ठेवलं. किती जपून ठेवलं म्हणून सांगू. लोक चांगल्या आठवणी जपतात तसं.

त्याच सुमाराला यार्डाला एक इन्चार्ज नेमायचं शेठच्या मनात आलं. नाव कुणाचं निघणार हे भिंतींनाही ठाऊक होतं. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पदासाठी केलंस. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो, कारण ते कारण जरा बरं दिसतं — माणूस पुढे जायला धडपडतोच. पण खरं ते नाही. मला पद नको होतं असं नाही, पण त्याहून जास्त मला सोपानभाऊचं तोंड बघायचं होतं. सगळ्यांसमोर चुकलेल्या माणसाचं तोंड. एकदाच बघायचं होतं.

बघितलं.

शेठ यार्डात येणार होता त्या सकाळी गोरखची गाडी निघायची होती. आधी मी पाना लावला. सगळे नट घट्ट. मग सोपानभाऊने वाजवले, सगळे खणखणीत वाजले, मी शेजारीच उभा होतो — मी माझ्या कानांनी ऐकले. तो हात धुवायला नळाकडे गेला. गोरख चहाच्या टपरीवर. मी मागच्या डाव्या चाकाशी बसलो, लांब पाना लावला, त्याच्या दांड्यात पाइप घातला आणि वर पाय देऊन दोन नट सैल केले. हाताने फिरतील एवढे.

जमलं म्हणून हायसं वाटलं मला. भीती नाही वाटली. हे सांगताना लाज वाटतेय, पण तेव्हाचं खरं तेच आहे.

शेठ आला. मी म्हटलं, ही गाडी भाऊंनी पास केलीय, मी एकदा डबल चेक करून दाखवतो. सगळ्यांना जवळ बोलावलं. दोन-तीन चाकं फिरलो, पाना ‘कट्’ ‘कट्’ करत गेला. मग मागच्या डाव्या चाकापाशी आलो, पाना लावायचं नाटकही केलं नाही. दोन बोटांत नट धरला आणि फिरवला. फिरला तो. सगळ्यांनी बघितला.

“मी वाजवला व्हता,” सोपानभाऊ म्हणाला. “टनक वाजला व्हता त्यो.”

त्याने खाली वाकून नटाकडे नीट बघितलं असतं, तर त्याला कळलं असतं. नुकता उघडलेला नट लपत नाही, कोपऱ्यांवर पान्याची ताजी चमक असते. त्याच्याइतका जुना फिटर ते ओळखणार नाही होय? पण तो नटाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी त्याची बाजू घेईन असं वाटलं असेल का त्याला? मी शेजारी उभा होतो ना वाजवताना.

मी म्हटलं, “भाऊ, कान तपासून घ्या एकदा. घरच्यांचं ऐकू येतं ना?”

गोरख हसला. मग सगळेच. शेठ हसला नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. नट मी सगळ्यांसमोर आवळले, पाना ओरडला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवसापासून सोपानभाऊ गाड्या धुवायला. इन्चार्ज मी झालो. पोरं त्याला लांबून हाका मारताना कानाशी हात न्यायची — “ओ भाऊ, ऐकू आलं का?” मी ते थांबवू शकत होतो, इन्चार्ज होतो. मला मजा येत होती.

इथे थांबलो असतो तर कदाचित हे सांगण्यासारखं राहिलं नसतं. कारखान्यांच्या पट्ट्यात अशा खोड्या रोज होतात, माणसं एकमेकांच्या पायात पाय घालतात, पुढे विसरतात. पण मी थांबलो नाही. मला ते निस्तरायची संधी मिळाली होती. आयती, ताटात वाढून.

सोपानभाऊ खरंच कान तपासायला गेला. भोसरीत एका डॉक्टरकडे, यंत्र लावून तपासणी केली. दुपारच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसला. डबा उघडला, पण जेवत नव्हता.

“कान ठनठनीत हायेत म्हनला डॉक्टर,” तो म्हणाला. “तरण्या मानसासारखं. मग आसं कसं झालं रं?”

बघा, त्याला अजूनही माझ्यावर संशय नव्हता. तो मला विचारत होता. आणि मला कळत होतं की आता एक वाक्य पुरे आहे. ‘भाऊ, तुम्ही बरोबर वाजवलं होतं’ — एवढंच. हवं तर एकट्यात, हवं तर हसत हसत, थट्टा केली म्हणून. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती, आणि संध्याकाळी घरी माणूस म्हणून गेला असता.

मी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, “मग कानाचं नाही, भाऊ. डोक्याचं आहे. आवाज येत असेल, पण लक्ष राहत नसेल. वय झालं की होतं असं. आणि स्वतःला कळत नाही, हाच घोटाळा असतो.”

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग मान हलवली. “व्हय,” म्हणाला. “तसंच आसंल.”

बहिरा ठरवला असता तरी तो जगला असता. कानाला यंत्र लावून हिंडला असता आणि त्यावरही विनोद केले असते त्याने. मी त्याला स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवलं. आणि तो ते शिकला. नीट, मन लावून शिकला.

गाड्या धुताना पाण्याचा नळ बंद केलाय का हे बघायला तो परत परत जायला लागला. गेटपर्यंत जाऊन मागे यायचा. घरचं मला वहिनींकडून, त्याच्या बायकोकडून कळायचं. कधी रस्त्यात भेटल्या की बोलायच्या. म्हणायच्या, गॅसचं बटण हाताने चाचपूनही यांना पटत नाही, मला उठवतात. मोटरसायकल विकून टाकली, बसने जातात. मुलीला बाळ झालं तर यांनी त्याला उचलून घेतलं नाही. घ्या म्हटलं तर हात मागे घेतात, म्हणतात, ‘सुटंल हातातनं.’ बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी नाही.

मी वहिनींना म्हणायचो, सांभाळून घ्या त्यांना. हे मी म्हणायचो. मी.

आणि दर वर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या ड्रायव्हरांना समोर बसवून मी तीच गोष्ट सांगायचो. आमच्याकडे एक भाऊ होते, फार अनुभवी, पण अनुभवाच्या भरवशावर राहिले, आणि बघा दोन नट बोटांनी फिरत होते. मी बोट हवेत फिरवून दाखवायचो. सोपानभाऊ मागे पाइप घेऊन गाडी धूत असायचा. त्याला ऐकू जायचं. कान ठणठणीत होते ना त्याचे. चांगली सांगायचो मी ती गोष्ट, लोक हसायचे योग्य जागी.

गेल्या वर्षी त्याने काम सोडलं. सोडल्यावर थोड्याच दिवसांनी वहिनींना घेऊन माझ्या घरी आला, रहाटणीला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सोफ्याच्या काठावर बसला, नीट टेकलाही नाही. अंगाने निम्मा झाला होता. कितीतरी वर्षांपासून तो मला मीटर म्हणत नव्हता, अरे-तुरेही नाही. मी ‘साहेब’ झालो होतो आणि ते कधी झालं हे मला आठवत नव्हतं.

बायकोने चहा आणला. त्याने तो घेतला नाही.

“साहेब, त्या दिशी तुमी व्हता म्हनून,” तो म्हणाला. “न्हाईतर माज्या हातनं कुनाचं तरी पोरगं गेलं आसतं. मला झोप न्हाई लागत त्यापायी. आन् मी तुमाला मीटर मीटर म्हनून लई बोललो. ते मनात ठिऊ नगा. मला माफी करा.”

हे बोलताना तो उठून उभा राहिला होता. वहिनींनीही हात जोडले. माझी बायको दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं — केवढा मोठा माणूस आहे आपला नवरा, असं वाटलं असेल तिला.

अजूनही वेळ होती. मला कुणी घाई करत नव्हतं. चौघंच होतो, सगळे आपलेच. तो समोर उभा होता, हात जोडून, वाट बघत.

मी उठलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.