बाहुल्यांच्या पेटीतले हायकू

आमच्या तंजावुरी घरांत बोलणं मराठीत आणि वाचणं तमिळात. सासरी तर देवनागरी कुणालाच येत नव्हती. मी माहेरी वडिलांच्या पोथीशेजारी बसून अक्षरं उचललेली, शाळेत नाही. एकदा पुण्याहून आलेले पाहुणे एक मासिक विसरून गेले. त्यात जपानी लोकांच्या हायकूबद्दल लिहिलं होतं. तीन ओळी, सतरा अक्षरं, आणि ऋतू हवाच. मला वाटलं, हे तर भाजी चिरता चिरता जमेल. मग काय, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे लिहायला लागले. कालव्याला पाणी कधी आलं, शेवगा कधी फुलला, सगळं. लपवायची जागा म्हणजे नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांची पेटी. वर्षभर तिला कुणी हात लावत नसे, आणि पेटी निघायच्या आदल्या दिवशी मी पानं काढून घेई.

त्या वर्षी सासूबाईंनी पेटी दोन दिवस आधीच उघडली.

मी विहिरीवरून आले तर बाहुल्या ओसरीवर आडव्या आणि माझी पानं सासूबाईंच्या मांडीवर.

"ही कोणाला लिहिलीस?"

"कोणाला नाही, आत्याबाई. ऋतूंबद्दल आहे."

"नवऱ्याला तमिळात लिहितेस. त्याला हे वाचता येत नाही. मग ज्याला येतं तो कोण?"

आमचे हे त्रिचीला नोकरीला, शनिवारी घरी येत. तो दिवस मंगळवार. जाऊबाई खांबाला टेकून म्हणाल्या, "ओळी बघा कशा तुटक. खुणेच्या असणार."

"मी वाचून दाखवते," मी म्हटलं.

"तू वाचशील तेच लिहिलंय कशावरून?" सासूबाई म्हणाल्या. "राजवाड्यामागच्या मामांना बोलवा. भलतं काही निघालं तर तिरुवैयारूची बस आहे अजून." तिरुवैयारू माझं माहेर. अशी परत गेले असते तर धाकट्या बहिणीचं लग्न कुठलं जमायला.

मामा आमच्याकडे पोथी वाचायला येत. आले, चष्मा पुसला, आणि पोथीच्याच चालीत सुरू झाले.

*पाणी सुटलं*
*बेडूक आधी बोले*
*मग शेजार*

"पुढे?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच आहे."

"एवढ्यासाठी कागद?"

मामांनी दुसरं पान घेतलं.

*मार्गळी धुकं*
*शेणगोळ्यावरती*
*भोपळफूल*

मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, रांगोळीच्या मधोमध आम्ही शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल खोचतो, तेच ते. जाऊबाई म्हणाल्या, "फूल तर मी लावते." मामा एकामागून एक पानं वाचत गेले. मग एका पानाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि ते पान हळूच गठ्ठ्याखाली सरकवलं.

"ते का गाळलंत?"

"शाई पुसलीय."

सासूबाईंनी हात लांब करून पान ओढलं. उजेडाकडे धरलं. "मामा, मला अक्षर कळत नाही, शाई कळते." आणि पान माझ्यापुढे केलं. "आता तू वाच."

कोणतं पान ते मला दिसलं. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, मामा गप्पच राहिले असते. चंद्राचं काहीतरी जुळवलंही मनात. पण खोट्याने सुटले तर सासूबाईंच्या मनातला संशय कधी जाणार नाही, असं वाटलं. वाचलं.

*चित्तिरै ऊन*
*घरात पंखा एक*
*बंद खोलीत*

विजेचा पंखा सासूबाईंच्या खोलीत असे. चित्तिरैत, म्हणजे चैत्रवैशाखात, आम्ही दोघी जावा चुलीपाशी आणि त्या दुपारी आत झोपलेल्या. जाऊबाई एकदम बाहुल्या पुसायला लागल्या.

सासूबाईंनी पान परत स्वतःकडे घेतलं. मग म्हणाल्या, "बंद नसते. दार लोटलेलं असतं."



त्यांनी ते एक पान घडी घालून पदराच्या टोकाला बांधलं. बाकीची माझ्याकडे सरकवली. "पेटीत बाहुल्या राहू देत. चोरीचं नाही ना, मग हे बाहेर ठेव. आणि मामांना कॉफी दे."

कॉफी नेली. मग पानं ओसरीवरच्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसतील अशी ठेवली.