आकड्यांत सूर बघणारे अण्णा

अण्णा गाणी करायचे, पर कधी ऐकायचेच न्हाईत. "आकडं बरोबर हाईत न्हवं? मग सूर बरोबर हाय," म्हणायचे आन् चहा सांगायचे.

शुक्रवार पेठेत त्यांची एक खोली, त्यात एक जुना कॉम्प्युटर. उमेदीत चादरीच्या नक्ष्या काढल्या, कागदावरच्या चौकटी भरून. म्हातारपणी चौकटी पडद्यावर आल्या. ओळीखाली ओळ, ओळीत सूर, सुराशेजारी आकडं. त्यातनं लेझीमच्या मंडळांना गाणी करून द्यायचे.

मी चिंचोळीच्या कारखान्यात ट्रकवर माल चढवणारा. शाळेत चौथीपातुर गेलो, तेबी खिचडीसाठी. अण्णांची बोटं थरथर कापायला लागली तवा आकडं टाकायला त्यांनी मला धरलं. शून्य, चार, सात टाकलं की एकच आवाज तीन सुरांवर असा भराभर फिरतो, की वाटतं तिघं मिळून वाजवत्यात.

"एकट्यानं तिघांचं काम करायचं," अण्णा म्हणाले.

"माझं उलटं हाय. माझ्या एकट्याच्या कामाला तिघं लागत्यात."

अण्णा हसले न्हाईत. मला वाटलं, विनोद पडला.

सूर थरथरवायचा तर एक वर, मग वजा एक, म्हंजे तेवढंच खाली. मी वजा खाल्ला. मंडळाचे अध्यक्ष गाणं ऐकायला आले, आन् सूर दर फेरीला वर, आनखी वर. शेवटी केकाटायलाच लागला. अध्यक्षांनी कानात बोटं घातली. अण्णा मान डोलवत बसलेले.

"झकास हाय की न्हाय?"

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. अण्णांना ऐकू येत न्हाय, हे चार महिने शेजारी बसून मला कळलं न्हवतं.

"ऱ्हाऊ द्या अण्णा. दुसरीकडं बघतो आमी." अध्यक्षांनी हातानंबी नको नको केलं.

अण्णांना तेवढं कळलं. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, एका चौकटीवर थांबवलं. "हितं वजा न्हाय. सोळाव्या ओळीपासनं कुत्र्यावानी केकाटलं असंल. व्हय का?"

अध्यक्ष चप्पल घालता घालता थांबले. "व्हय."

"ह्या खुळ्याचं काम हाय. बसा, दोन मिनटं."

ते बसले.

मिरवणुकीत तेच गाणं वाजलं. अण्णा कडंला उभं ऱ्हाऊन नाचणाऱ्यांच्या पायांकडं बघत हुते. पन्नास लेझमा एकदम खाली, एकदम वर. शेजारी मीबी ताल धरून पाय आपटत हुतो.

"जमलं," म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्यो एकटा सोडून."