पागेची भिंत

चूक माझीच होती. देवासच्या जुन्या पागेचं वाचनालय करायचं काम माझ्या देखरेखीखाली होतं आणि घाईपायी मी चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवायला सांगितलं.

म्हातारे मिस्त्री त्यांच्या माळवी ढंगात म्हणाले, "भिया, भिंतीचा दम घुटेल."

"मग तिला नाक बसवू का, दादा?" मी म्हणालो. सगळे मजूर हसले.

पावसाळ्यात ओल आत कोंडून भिंतीचे पोपडे सुटले. मिस्त्रींनाच परत बोलावलं. त्यांनी सिमेंट खरवडून बेलफळाचा गर आणि गूळ घातलेला चुना लावला.

आज उद्घाटन. भिंत कोरडी ठणठणीत, घोड्यांच्या जागी पुस्तकांची कपाटं. त्याच मजुरांसमोर मिस्त्रींना म्हणालो, "दादा, तुमचं बरोबर होतं. मी तुमची टर उडवली. मला माफ करा."