एप्रिल आला की सफरचंदं तोडायला

दोन कुटुंबं दरवर्षी एकाच ठिकाणी सहलीला गेली की किस्से आपोआप साठतात, साठवावे लागत नाहीत. आम्ही ऑकलंडमधली दोन मराठी घरं. दर एप्रिलमध्ये, इथली थंडी पडायच्या आत, कुमेउच्या बाजूला एका बागेत जायचो. ‘पिक युअर ओन’वाली बाग. बादली घ्यायची, आपल्या हातानं सफरचंदं तोडायची आणि गेटपाशी वजन करून, रोख नाहीतर एफ्टपॉसनं, म्हणजे कार्डानं, पैसे देऊन घरी न्यायची. सफरचंदं दोन आठवड्यांत संपायची, नाहीतर कुजायची. किस्से तेवढे उरले. पूर्वी पार्टीत मी ते सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. हल्ली सांगताना मला स्वतःलाच हसू येत नाही. तरी सांगते.

आम्ही म्हणजे मी, हॉस्पिटलच्या फार्मसीत. नवरा संजय, आयटीत. मुलगी तन्वी. घर टाकानिनीला. दुसरं घर न्यू लिनचं: माधव, वैशाली आणि तन्वीच्याच वयाची त्यांची इरा. माधव सिव्हिल इंजिनिअर, मिरजेकडे अकरा वर्षं पूल बांधलेला माणूस. वैशाली तिथल्या हॉस्पिटलात सिस्टर. दोन्ही घरं एकाच महिन्यात इथे उतरली, त्यातून ओळख झाली.

*

पहिलं वर्ष, २०१३. आम्ही सगळे शॉर्ट्स आणि जॅन्डल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर. माधव मात्र इस्त्रीची पँट, काळे लेदरचे बूट आणि खिशात घडी केलेला टाय!

"अरे, आपण बागेत चाललोय," संजय म्हणाला.

"एका कंपनीनं फोन करतो म्हटलंय. बोलावलं तर इथूनच जाईन."

शनिवारी कुणी बोलावत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तोवर सगळीकडून एकच उत्तर येत होतं: तुमच्याकडे न्यूझीलंडचा एक्स्पीरियन्स नाही.

गेटवरच्या बाईनं बादल्या दिल्या आणि हसून विचारलं, "डन धिस बिफोर?"

आम्ही नकारार्थी माना हलवल्या. माधव माझ्याकडे वळून म्हणाला, "घ्या वहिनी! सफरचंद तोडायलाही एक्स्पीरियन्स लागतो!"

आम्ही इतके हसलो की काही न कळता ती बाईपण हसायला लागली. फोन आला नाही. दिवसभर फांदीकडे एक हात गेला की दुसरा खिशातल्या मोबाइलवर. निघताना तो गाडीच्या दारात बसून बुटांचा चिखल पेपरनं पुसत होता. म्हणाला, "सोमवारी लागतील."

*

पुढच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, वाईहून. त्यांचं लक्ष झाडांकडे नव्हतंच. झाडाखाली पडलेल्या सफरचंदांचा खच त्यांना बघवेना. वाकून वाकून त्यांनी पदरात वेचायला सुरुवात केली.

"काकू, ती न्यायची नसतात," माधव म्हणाला. "शेजारच्या फार्मवरच्या डुकरांना जातात."

"डुकरांना?"

आई तिथेच बसल्या. पदरातली सफरचंदं एकेक करून गवतावर ठेवली. सासरे शेवटच्या आजारात होते, तेव्हा त्या रोज एक सफरचंद आणायच्या. साल काढून, चार फोडी करून. ते फोड नुसती चोखायचे.

मग त्या मला म्हणाल्या, "आपल्याकडे सफरचंद आजारी माणसाला आणतात. इथे एवढी पिकतात, तर आजारी माणसं किती असतील गं?"

मी रोज आठ तास औषधं देणारी बाई. म्हटलं, "आई, हीप्स."

"हीप्स म्हणजे?"

"ढिगानं."

*

त्याच दिवशीचा आणखी एक. तन्वीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. ती झाडावर चढलेली, आजी खाली पाय घट्ट धरून उभी. पुढच्या आठवड्यात आईंचं परतीचं विमान होतं.

"तनू, मी गेल्यावर आजीला विसरायचं नाही हं."

वरून आवाज आला, "नो वरीज, आजी!"

आईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली?"

"म्हणाली, नाही विसरणार."

"एवढंसंच बोलली की!" आई म्हणाल्या.

त्या दिवाळीत त्या गेल्या. संजय पोचला तोवर सगळं उरकलं होतं.

*

वैशालीचा किस्सा तर आमच्या ग्रुपमध्ये गाजलेला आहे. तिचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन अडकलं होतं ते इंग्लिशच्या परीक्षेत. चार वेळा दिली आणि चारही वेळा रायटिंगमध्ये अर्धा मार्क कमी! तोवर म्हणून वृद्धाश्रमात केअरगिव्हरचं काम, रात्रपाळीचं. २०१५च्या सहलीच्या शनिवारी ती ड्यूटीवरून थेट बागेत आली आणि झाडाखाली चटई टाकून झोपली.

तासाभरानं पाखरं उडवायचा बार झाला. धाडकन! वैशाली उठून उभी. डोळे अर्धवट मिटलेलेच.

"कमिंग, डिअर, कमिंग!"

आम्ही हाक मारेपर्यंत ती तीन झाडं पुढे गेली होती. तिथे एक म्हातारा गोरा शिडीवर उभा राहून सफरचंद काढत होता. हिनं जाऊन त्याचं कोपर धरलं. "स्लोली, स्लोली. टॉयलेट?"

म्हातारा फार सभ्य. शिडीवरूनच टोपी काढून म्हणाला, "नॉट येट, लव्ह. थँक यू."

आम्ही गवतावर लोळलो! वैशालीपण हसली. खूप हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि थांबेचना. मी तिला पाणी देत होते, मुली टक लावून बघत होत्या. माधव बादली उचलून लांबच्या रांगेत निघून गेला. अर्ध्या तासानं आला, तेव्हा बादली रिकामीच होती.

*

एक वर्ष मात्र चांगलं गेलं, २०१६. माधवला नोकरी लागली! माउंट वेलिंग्टनला एका इंजिनिअरिंग फर्मच्या ऑफिसात. वैशालीनं मिल्क पावडरचे पेढे केले होते. माधवनं ते अख्ख्या बागेत वाटले, अगदी ट्रॅक्टरवाल्यालाही.

"कसला पूल बांधतोयस?" संजयनं विचारलं.

"पूल कसला! ओढ्यावरचा आहे. पायी जाणाऱ्यांसाठी."

वैशाली डबा बंद करत म्हणाली, "माणूस पलीकडे पोचतो ना? मग झालं!"

त्या दिवशी परत येताना दोन्ही गाड्यांत कुणीतरी गात होतं.

*

आता शेवटचा. हा मी पार्टीत कधी सांगितला नाही.

२०१८. आदल्या दिवशी माधवचा फोन आला. "वहिनी, तुम्ही सगळे जा. मला उद्या साइटवर जावं लागतंय."

गेले काही महिने त्याचे शनिवार साइटवरच जात होते. वैशाली अभिमानानं सांगायची, "प्रोजेक्ट मोठा आहे."

कुमेउला पोचलो तर गेटवर पाटी: सफरचंदं संपली. मुलींची तोंडं एवढीशी झाली. संजयनं फोनवर शोधाशोध केली. दक्षिणेला, बॉम्बेच्या पुढे एक बाग उघडी होती. बॉम्बे नावाचं गाव आहे इथे, खरंच! म्हणजे ऑकलंडच्या या टोकापासून पार त्या टोकाच्या पलीकडे. वैशाली म्हणाली, "जाऊया. पोरींना कबूल केलंय." वाटेत तिनं माधवला फोन लावला, बदल सांगायला. त्यानं उचलला नाही. "साइटवर आवाज असतो," ती म्हणाली.

बाग छान होती. मुलींनी दोन बादल्या भरल्या. वजनाची रांग एका शेडमध्ये होती. आमच्या पुढे तीन-चार कुटुंबं. काट्याशी हिरवा एप्रन आणि टोपी घातलेला एक माणूस, मान खाली घालून भराभर पिशव्या बांधत होता.

आधी मी ओळखलं. मग संजयनं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. वैशालीला निदान बाहेर तरी न्यावं, असं मनात आलं. पण ती पुढे होती आणि आमचा नंबर आला होता.

इरा आनंदानं ओरडली, "डॅड! इज धिस युअर साइट?"

माधवनं वर बघितलं. चेहरा पांढराफटक. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा संजयकडे. वैशालीकडे नाही.

"येस, बेटा," तो म्हणाला.

इरा तन्वीला म्हणाली, "टोल्ड यू माय डॅड वर्क्स ऑन सॅटर्डेज." आणि दोघी पळत बाहेर घसरगुंडीकडे गेल्या.

वैशाली हलली नाही. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. मग तिनं दोन्ही हातांनी बादली उचलून काट्यावर ठेवली. माधवनं काट्यावरचा आकडा बघितला आणि, आधीच्या सगळ्यांना विचारलं होतं तसंच, इंग्लिशमध्ये तिलाही विचारलं,

"कॅश ऑर एफ्टपॉस?"

वैशालीनं पर्स उघडलीच नाही. त्याच्या कॉलरला एक पान चिकटलं होतं, ते काढलं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.